कील दुखतेय

सानिका कुबलनं आयुष्यात एकच बोट पूर्णपणे आपल्या मनासारखी आखली होती, आणि ती चालवणार होती तिची आई, जिला आता डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं.

वृंदा कुबल हे नाव घेतलं की देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत शिडाच्या होड्या चालवणारी मंडळी अजूनही कान टवकारत. तरुणपणी तिनं देशासाठी शर्यती मारल्या होत्या आणि पुढं कित्येक वर्षं मालवणच्या खाडीत मुलांना शीड कसं धरायचं ते शिकवलं होतं. पन्नाशीच्या आतच तिची नजर कडेकडेनं मिटत आली. आधी अंधारातलं दिसेना, मग बाजूचं, शेवटी समोर नळीतून पाहावं तेवढं उरलं आणि तेही गेलं. नवे उपचार निघाले होते, पण तिच्या प्रकारच्या आजाराला ते लागू पडत नव्हते. त्या दिवसापासून तिनं धक्क्यावर जाणं सोडलं.

सानिकाचं उलटं. तिला लहानपणापासून बोट लागायची. आई सुकाणूवर आणि मुलगी कठड्याला धरून ओकतेय, हे दृश्य सगळ्या मालवणानं पाहिलं होतं. "तुझे हात कागदावरचे गो," आई एकदा हसत म्हणाली होती. सानिकाला ते लागलं, पण खरंही वाटलं. ती जहाजबांधणी शिकली आणि विजयदुर्गच्या खाडीत नव्यानं निघालेल्या एका बोट-कारखान्यात आरेखनाच्या कामाला लागली.

दिवस बरे होते. डिझेलवर चालणाऱ्या सहलीच्या बोटींवर बंदी आल्यापासून शिडांना पुन्हा मागणी आली होती. माणसं बोटीतच राहून लक्षद्वीपला जात, मस्कतला जात. त्यांच्यासाठी सानिकानं जी बोट आखली तिचं नाव 'सुरय', पाण्यावर सूर मारणाऱ्या त्या चपळ पक्ष्याचं.

शिडाच्या बोटीत एक जुनं भांडण असतं. जड बोट लाटांतून शांतपणे जाते, आत झोप लागते, चहा सांडत नाही, पण ती बैलगाडीसारखी चालते. हलकी बोट वाऱ्याच्या झुळकीवर पळते, पण दोन दिवसांत माणसाची हाडं खिळखिळी करते. सानिकाला दोन्ही हवं होतं. सुरय चाळीस फुटांची आणि सात टनांची. त्या वजनातलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त शिसं एका खोल, सडपातळ पात्याच्या तळाशी भरलेलं. बोटीच्या पोटाखाली उभं असलेलं हे पातं म्हणजे कील. शिडं बोटीला आडवी पाडायला बघतात आणि कील तिला उभी धरते. वजन जितकं खोल, तितकं कमी शिसं पुरतं, म्हणून बोट हलकीही राहते आणि ताठही. मागचा भाग तिनं रुंद ठेवला आणि सुकाणं दोन लावली, कारण बोट कलली की एक सुकाणू पाण्याबाहेर येतं, तेव्हा दुसरं कामाला असावं. आत दोन खोल्या, लाटेबरोबर झुलणारी शेगडी आणि उंच माणसालाही ताठ उभं राहता येईल एवढी जागा.

पण सुरयचं खरं वेगळेपण तिच्या कातडीत होतं. कार्बनच्या थरांमध्ये सानिकानं केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा विणल्या होत्या. तारेत प्रकाश सोडला की तो ठरलेल्या रंगात परततो. तार किंचित जरी ताणली तरी परतणारा रंग बदलतो. अशा हजारो ठिकाणांहून बोटीवर पाण्याचा दाब कुठे किती आहे ते क्षणाक्षणाला कळे. मोठ्या जहाजांवर हे आकडे पडद्यावर दिसत. सानिकानं ते एका जाकिटाला जोडले.

जाकिटाच्या आत लहान लहान टिकल्या होत्या. बोटीच्या डाव्या अंगावर पाणी दाबलं की त्या डाव्या बरगड्यांवर दाबत, सुकाणूंवर भार आला की कमरेच्या दोन बाजूंना, आणि कीलवरचा ताण छातीच्या मधोमध. माणसाच्या मेंदूला दृश्य, स्पर्श, आवाज असं काही थेट मिळत नाही. त्याला मिळतात फक्त संदेश, आणि त्यांतून जग उभं करायचं काम तो स्वतः करतो. संदेशांची वाट बदलली तरी सरावानं तो नवी वाट शिकतो. अंधांना पाठीवरच्या स्पर्शातून वस्तूंचे आकार ओळखायला शिकवण्याचे प्रयोग मागच्याच शतकात होऊन गेले होते.

पहिल्या दिवशी आई जाकीट घालून वैतागली होती. "अंगावर मुंग्या सोडल्यासारखं वाटतंय." पंधरवड्यानं ती गप्प झाली. महिन्याभरानं एका दुपारी खाडीबाहेर सुकाणू धरून बसली असताना अचानक म्हणाली, "डाव्या सुकाणूत काहीतरी अडकलंय. दोरी असणार." पाणबुड्या खाली गेला आणि जाळ्याचा तुकडा घेऊन वर आला. आईचा चेहरा असा उजळला की सानिकाला दुसरीकडे बघावं लागलं.

मग आईनं जाकीट काढणंच सोडलं. ते बिनतारी होतं. बोट खाडीत बांधलेली असे आणि आई घरातल्या खुर्चीत बसून तिला लागणाऱ्या लाटा अंगावर घेत राही. तसं करू नये हे सानिकानंच लिहिलेल्या नियमांत होतं. पण शिकणं वेगानं होत होतं, बोटीच्या परवान्यासाठीची परीक्षा जवळ आली होती, आणि आई सुखात होती. सानिकानं कानाडोळा केला.

एकदा तिचे बाबा, विश्राम, कारखान्यात येऊन बसले. निवृत्त पोस्टमास्तर, तोंडातून जादा शब्द निघायचा नाही. बराच वेळ टेबलावरची मोजपट्टी इकडून तिकडे सरकवत राहिले आणि मग म्हणाले, "सानिका, आई घरात नसतेच गो आता."

"म्हणजे?"

"बसलेली असते समोर. पण नसते. परवा टाचेत काटा मोडला, दिवसभर तशीच फिरली. रक्ताचे ठसे लादीवर. विचारलं तर म्हणते, मला कुठं काय झालंय?"

"बाबा, इतक्या वर्षांनी तिला काहीतरी मिळालंय. होईल थोडं दुर्लक्ष."

बाबा मोजपट्टी जागेवर ठेवून निघून गेले.

परीक्षा जानेवारीत ठरली. विजयदुर्गहून निघून लक्षद्वीपमधल्या अगत्तीपर्यंत जायचं, झोपेचे तास सोडता सुकाणू सतत दृष्टिहीन माणसाच्या हाती, बाहेरची कुठलीही मदत नाही. जमलं तर अशा बोटी विकायची आणि अंध माणसांनी त्या चालवायची परवानगी मिळणार होती. निरीक्षक म्हणून नोंदणी संस्थेचे सिक्वेरा सोबत होते. गोव्याकडचा गोलमटोल, खुशालचेंडू माणूस. त्यांनी येताना बांगड्याचं लोणचं आणलं होतं.

पहिला दिवस स्वप्नासारखा गेला. उत्तरेकडचा भरगच्च वारा मागून येत होता. सुरय लाटेच्या पाठीवर चढे, क्षणभर थांबे आणि सुळकन घसरत जाई. आई लाट यायच्या आधीच सुकाणू किंचित फिरवत होती. सिक्वेरा म्हणाले, "मॅडम, डोळे असलेल्यांना मी हे शिकवतो तीस वर्षं. त्यांना जमत नाही." सानिका कठड्याला टेकून आल्याचा तुकडा चघळत होती. मळमळत होतं, तरी तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याचा किनारा पूर्वेला साठेक मैल दूर राहिला असताना आई म्हणाली, "सानिका, कील दुखतेय."

"काय?"

"कीलच्या मुळाशी. बोटीला जोडलीय ना, तिथं. कोणीतरी बोल्ट आवळत चाललंय असं वाटतंय."

कील तुटली तर बोट दोन मिनिटांत पालथी होते. ती खाली धावली आणि आकडे काढून बसली. कीलच्या मुळाशी बसवलेली एकूण एक तार तिनं तपासली. काहीच नव्हतं. ताण नेहमीपेक्षा कमीच होता, आणि तो तसा असायलाच हवा होता. वारा मागून असताना बोट कलत नाही, मग कीलवर भार येणार कुठून?

ती वर आली. "आई, कील ठणठणीत आहे."

"तुझे आकडे तुझ्याकडे ठेव. मला कळतंय ना! मागं फिरूया. तुटेल ती."

"मागं फिरलो तर परीक्षा संपली, आई."

"संपू दे. तुम्ही दोघं आहात बोटीवर."

सिक्वेरा दोघींकडे बघत होते. "जाकीट बिघडलं असेल. बंद करून बघा की."

ते बरोबर होतं. एखादी टिकली अडकून सतत दाबत असेल. सानिकानं आईच्या मागे जाऊन कमरेवरचं बटण दाबलं.

आई दचकली. अंधारात पायरी चुकावी तशी तिची बोटं सुकाणूच्या चाकावर घट्ट झाली. "बोट गेली," ती हळूच म्हणाली. "काहीच लागत नाही गो. ना लाटा, ना सुकाणू." मग कपाळाला आठ्या पडल्या. "पण कील दुखता हा अजून. कील दुखता."

सानिका तिथंच उभी राहिली. जाकीट बंद होतं. बोटीकडून आईकडे काहीच येत नव्हतं. कील ठणठणीत होती, हे ती छातीवर हात ठेवून सांगू शकत होती, कारण ती तिनंच आखली होती. मग दुखत काय होतं?

तिनं आईकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. सकाळचा गार वारा होता आणि आईच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. ओठ राखेसारखे झाले होते. छातीच्या मधोमध जिथं जाकीट कीलचा ताण दाखवत असे, तिथंच दुखत होतं.

"आई, सुकाणू सोड. ती कील नाही. तुझं हृदय आहे."

"माका काय झाला? मी बरी आहे."

"तुला कळत नाहीये. मेंदूनं ती जागा बोटीला देऊन टाकलीय. सोड सुकाणू!"

एवढ्या चढ्या आवाजात ती आईशी आजवर बोलली नव्हती. सिक्वेरांनी वृंदाला धरून खाली आणलं, बाकावर आडवं केलं आणि जाकीट सोडवलं. सॅटेलाइट फोनवर तटरक्षक दलाच्या डॉक्टरनं दोनच प्रश्न विचारले, अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला द्यायला सांगितली आणि म्हणाला, "हेलिकॉप्टर दुसऱ्या बचावावर आहे. आमचं जहाज गोव्याहून लगेच निघतंय, त्यावर उपचारांची सोय आहे. तुम्हाला आमच्याकडे येता येईल का? जेवढे मैल तुम्ही कापाल, तेवढ्या लवकर ते भेटेल."

गोवा पूर्वेला, किंचित उत्तरेकडे. वारा उत्तरेचा, पण सकाळपासून किंचित ईशान्येकडे झुकलेला. म्हणजे वाऱ्याला तिरकं भिडत जायचं, लाटांच्या विरुद्ध. विजेच्या छोट्या मोटरचा तिथं उपयोग नव्हता. जे काही करायचं ते शिडांनी आणि कीलनं.

सिक्वेरांनी विचारलं, "सुकाणू मी घेऊ?"

"तुम्ही शिडं बघा. सुकाणू मी धरते," सानिका म्हणाली.

बोट वळताच सगळं बदललं. मागून गोंजारणारा वारा तोंडावर थपडा मारू लागला. सुरय उजवीकडे कलली, पुढचं टोक लाटेत घुसलं आणि थंड पाणी सानिकाच्या अंगावरून मागं गेलं. पोटातलं सगळं एका झटक्यात वर आलं. ती कठड्यावरून ओकली, बाहीनं तोंड पुसलं आणि हात चाकावरून काढला नाही.

आईसारखं हाताला कळणं तिच्याकडे नव्हतं. तिच्याकडे होता तो आराखडा. कुठल्या वाऱ्यात, कुठल्या कोनात सुरय किती पळेल, याचे वक्र तिनं वर्षभर काढले होते आणि ते तिला तोंडपाठ होते. तोंड वाऱ्याच्या दिशेच्या फार जवळ नेलं तर बोट गुदमरते. फार लांब राहिलं तर पळते भरपूर, पण भलतीकडे. मधे एक चिंचोळी पट्टी असते, आणि तिथं ती गाडीसारखी रुळावर बसते. सानिका ती पट्टी शोधत राहिली. वेग ताशी सहा मैल, पुन्हा साडेपाच, मग सात.

वारा वाढला. बोट इतकी कलली की उजवा कठडा पाण्यात बुडाला. सिक्वेरा ओरडले, "शीड कमी करूया? की वेग जाईल?"

मन म्हणत होतं, एक हातभरही शीड कमी करू नको, खाली आई आहे. पण कागदावरची सुरय वेगळं सांगत होती. जास्त कललेली कील पाण्याला धरत नाही, घसरते. सुकाणू ब्रेकसारखं आडवं धरावं लागतं. "कमी करा," ती म्हणाली. "मोठं शीड एक घडी घालून खाली घ्या."

शीड आखडलं, बोट उभी झाली, आणि वेगाचा आकडा सव्वासातवर गेला. सिक्वेरा आकड्याकडे बघून मान हलवत राहिले.

खालून आईचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "पुढचं शीड फडफडतंय. सोड जरा."

"तू बोलू नकोस!"

"फडफडतंय गो."

"आई, ही बोट मी काढलीय. मी नेते तुला. तू फक्त श्वास घे."

सानिकानं सिक्वेरांना खुणेनं पुढचं शीड किंचित सोडायला सांगितलं. फडफड थांबली. वेग साडेसात झाला. ती आणखी दोनदा ओकली. हात बधिर झाले, मीठ डोळ्यांत चुरचुरत होतं, तरी त्या चिंचोळ्या पट्टीबाहेर तिनं बोट जाऊ दिली नाही. सूर्य माथ्यावर यायच्या सुमारास क्षितिजावर पांढरं जहाज दिसलं.

लाटांमध्ये वरखाली होणाऱ्या रबरी होडीतून वृंदाला नेताना सानिका चाक धरूनच उभी होती. बोट सोडून जायचं कसं, हे तिला सुचेना. सिक्वेरांनी तिची बोटं एकेक करून चाकावरून सोडवली. "जा. बोट मी आणतो पणजीला. अहवाल नंतर बघू."

हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. गोव्याच्या डॉक्टरांनी ती उघडली. उशीर झाला असता तर, एवढंच बोलून त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "छातीत दुखतंय का, असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही म्हणाल्या."

बाबा रात्रीच्या गाडीनं येऊन पोचले होते. ते खाटेशी बसले, बायकोचा हात हातात घेतला आणि मुलीला एका शब्दानंही काही बोलले नाहीत. सानिकाला त्यांनी रागवायला हवं होतं.

चौथ्या दिवशी तिनं आईला सांगितलं, "जाकीट मी मोडून टाकणार आहे."

"का?"

"का म्हणजे? त्यानं तुला मारलं असतं. तू ते घरात घालून बसायचीस आणि मला माहीत होतं. मी गप्प राहिले."

वृंदा छताकडे तोंड करून पडली होती. "डोळे गेले तेव्हा मला कोणी विचारलं नाही," ती म्हणाली. "या वेळी विचार. मला दर्या पाहिजे. आणि मला हे पण पाहिजे," तिनं छातीवर तळहात ठेवला. "दोन्ही. तू दोन्ही असलेली बोट काढलीस ना? मग हे पण काढ."

"कसं?"

"ते तू बघ. मी माझं बघते."

तिनं तिचं पाहिलं. दिवाळीपर्यंत जाकिटाला शिवलीही नाही. रोज सकाळी पडवीत विश्राम तिच्या समोर बसे आणि बोटानं कुठेतरी दाबून विचारे, "हे काय?" सुरुवातीला ती म्हणे, "उजवं सुकाणू." तो म्हणे, "नाय. कंबर." पुन्हा दाबे. कित्येक आठवडे ती चुकत राहिली, रडकुंडीला आली, दोनदा तांब्या भिरकावला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसली. पावसाळा सरता सरता विश्रामनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं, तेव्हा ती उत्तर द्यायच्या आधी थांबली आणि म्हणाली, "थंड आहे तुझं बोट." विश्राम उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

सानिकानं जाकीट उसवून नव्यानं बांधलं. छातीवरची एकूण एक टिकली काढून टाकली आणि कीलचा ताण पाठीवर नेला. आणखी एक गोष्ट केली, जी कारखान्यातल्या कोणालाच आवडली नाही. ठरावीक वेळ झाली की जाकीट आपोआप मुकं होई. तेवढा वेळ सुकाणू दुसऱ्यानं धरायचं आणि अंध चालकानं फक्त स्वतःकडे लक्ष द्यायचं. "अशानं चालकाला एकट्यानं बोट नेता येणार नाही," मालक म्हणाले. "नाहीच येणार," सानिका म्हणाली, "आणि मी तशी देणारही नाही." सिक्वेरांनी परीक्षेची अट बदलून घ्यायला चार महिने खेटे घातले.

पुढच्या जानेवारीत सुरय पुन्हा दक्षिणेला निघाली. तिसऱ्या दिवशी दुपारी अगत्तीचं पोपटी पाणी लांबवर दिसू लागलं तेव्हा जाकीट मुकं झालं. सानिका उठली आणि आईच्या हातातून चाक घेतलं. तिला आताही मळमळत होतं.

"सांग," ती म्हणाली.

"गुडघे आखडलेत," वृंदा म्हणाली. "भूक लागलीय. पाठीत उसण भरलीय जराशी."

"छाती?"

वृंदानं वेळ घेतला. समोर डोकं करून, ओठ मिटून ती स्वतःत शोधत राहिली. सिक्वेरा हातातलं लोणचं तसंच धरून थांबले.

"काही नाही. धडधडतेय नुसती."

"नक्की?"

"नक्की. आणि सरळ ने गो बोट, डावीकडं खातेयस."